नानाकाकांचे शिकारी बूट आणि आपली यंदाची वर्गणी

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

रविवारी आपली गणपतीची बैठक आहे. त्यात जंगलातल्या चौकीदारांना बूट द्यायचा विषय परत येणार. गेल्या वर्षीसारखेच "ठोस" चामड्याचे बूट घ्यावेत असं बऱ्याच जणांचं मत आहे. माझं मत उलट आहे. बैठकीत मला पाच मिनिटं मिळतील आणि त्यातली तीन एकमेकांना गप्प करण्यात जातील, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. आणि खरं सांगायचं तर यात आमच्या घरातली एक गोष्ट आहे, जी मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. दादाला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही, पण रडगाणं नको."

तर सुरुवात नानाकाकांपासून.

आपल्यातल्या बऱ्याच घरांसारखं आमचं घर १९५६ साली नागपूरहून भोपाळला आलं. १ नोव्हेंबरला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली, आणि सेक्रेटरिएटच्या फायलींबरोबर आमचे आप्पाही ट्रंका बांधून आले. टी. टी. नगरात क्वार्टर मिळालं. दोन-तीन वर्षांनी आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे नानाकाका, पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होऊन आले. सडकांच्या कामावर ओबेदुल्लागंज, बरखेडा, चिकलोद असं फिरायचे. चिकलोदला नवाब हमीदुल्ला खानांची शिकारीची कोठी. त्या बाजूला गेलेल्या माणसाला तेव्हा शिकारीची हौस लागली नाही तर नवल. नागपुरात चिमणीही न मारलेले आमचे काका भोपाळला येऊन बाराबोरची बंदूक घेऊन बसले.

तेव्हा ते कायदेशीर होतं, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत, डी. एफ. ओ. कडून परमिट मिळे, कोणतं जनावर आणि किती हे त्यावर लिहिलेलं असे. काकांनी वाघ कधी मारला नाही. सांबर, रानडुक्कर, एवढंच. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते सगळं संपलं. संपलं ते उत्तमच झालं. काकांनाही पुढे पुढे तसंच वाटायला लागलं होतं. बंदूक ठाण्यात जमा झाली. राहिले ते बूट.

ते बूट ज्यांनी आमच्या घरी पाहिले असतील त्यांना आठवतील. कानपुरी चामड्याचे, घोट्याच्या वर जाणारे, तळाला लोखंडी खिळे आणि टाचेला नाल. वर पिंढरीला गुंडाळायच्या खाकी पट्ट्या. दर दिवाळीला माळ्यावरून खाली यायचे, काका त्यांना तेल लावायचे आणि परत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे. आम्हा मुलांना उचलून बघायची परवानगी होती. एका हाताने उचलला की शाबासकी. दादा आठव्या वर्षी उचलू शकला, याचं घरात कोण कौतुक! मागच्या वर्षी रद्दीवाल्याच्या काट्यावर घातले. जोडीचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅम भरलं.

पण काका स्वतः काय सांगायचे ते ऐका. त्यांना वाट दाखवायला बरखेड्याच्या बाजूचा एक म्हातारा गोंड माणूस यायचा. काका त्याला दद्दा म्हणत. त्याच्या पायात टायरच्या चपला. ऐन वेळी त्याही काढून कमरेला खोचायचा. मार्च महिना, सागाची पानं गळून पडलेली, पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. दद्दा त्या पानांतून असा जायचा की शेजारच्याला कळायचं नाही. आणि मागे आमचे काका, खिळ्यांचे बूट खडकावर खाड खाड वाजवत. काका हसून म्हणायचे, "अगं, मी जंगलात शिरलो की आधी जंगलाला कळायचं, मग मला." परमिट काढून, रजा घेऊन, दोन दोन दिवस चालून ते कित्येकदा हात हलवत परत यायचे ते या बुटांपायी. दद्दाने एकदा त्यांना सरळ सांगितलं होतं, "बाबूजी, ये जूता चौकीदारी का है, शिकार का नहीं."

जिम कॉर्बेटच्या गोष्टी ज्यांनी वाचल्यात त्यांना आठवत असेल, तो माणूस नरभक्षकाच्या मागावर जाताना रबरी तळाचे पातळ बूट घालायचा. म्हणजे ज्याला खरंच जनावराच्या जवळ जायचं असतं तो हलकं घालतो. जड बूट शिकाऱ्याला फोटोत शोभतात. ही गोष्ट दद्दाला माहीत होती, कॉर्बेटला माहीत होती, आणि उशिरा का होईना काकांना कळली. आमच्या घराला मात्र कळली नाही. आमच्या घरात जड बूट म्हणजे चांगला बूट हेच राहिलं.

आता दादाची गोष्ट.

दादा भेलमध्ये इंजिनिअर होता. तीस-बत्तीस वर्षं शॉपमध्ये उभं राहून काढली, पायात सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपी. तिथे ते बरोबरच आहे. वरून लोखंड पडण्याची भीती असते, आणि माणूस चालतो तरी किती? या टोकाच्या यंत्रापासून त्या टोकाच्या यंत्रापर्यंत. पण तीस वर्षं घातल्यावर दादाच्या मनात पक्कं बसलं की पायाचं रक्षण म्हणजे जाड चामडं आणि लोखंड.

२०१४ च्या डिसेंबरात आम्ही दहा-बारा जण गिन्नौरगढला जायचं ठरवलं. रातापानीच्या जंगलातला गोंडांचा किल्ला, राणी कमलापतीचा. आता हबीबगंज स्टेशनला तिचं नाव दिल्यापासून सगळ्यांना माहीत झालाय, तेव्हा फार कुणी जात नसे. दादाने खास त्यासाठी न्यू मार्केटातून बूट घेतले. मी बरोबर होते. दुकानदाराने दोन जोड काढले. एक कापडी, रबरी तळाचा, हलका. दुसरा चामड्याचा, जाड, काकांच्या बुटांचा नातू शोभेल असा. दादाने चामड्याचा घातला, दोन पावलं चालला आणि म्हणाला, "करंगळीला जरा लागतोय."

आणि मी म्हटलं, "अरे, लेदर आहे. चार दिवसांत सैल होईल."

हे वाक्य मी बोलले. दुकानदार नाही बोलला, मी बोलले. आपल्या सगळ्यांच्या घरी हे वाक्य बोललं जातं. बूट आधी चावणारच, मग रुळणार. नवीन चप्पल चावली की अंगठ्याला खोबरेल तेल लावायचं आणि घालत राहायचं. सहन केलं की वस्तू आपली होते, असं आपल्याला वाटतं.

दादाला तेव्हा पंधरा वर्षांचा मधुमेह. साखर ठीकठाक असायची, पण पायाची जाणीव कमी झाली होती. हे त्याला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, मला अर्धवट माहीत होतं. गिन्नौरगढचा चढ आणि उतार मिळून त्या दिवशी आम्ही सात-आठ किलोमीटर चाललो असू. दादा सगळ्यांच्या पुढे. एकदाही कुरकुर केली नाही. करणार कशी? त्याला दुखतच नव्हतं. उतरताना प्रत्येक पावलाला करंगळी बुटाच्या कडेवर घासत होती आणि त्याच्या डोक्यापर्यंत निरोपच जात नव्हता.

रात्री घरी आल्यावर त्याने मोजे काढले, करंगळीला मोठा फोड होता आणि तो फुटलेला होता. त्याने हळद लावली आणि कुणाला सांगितलं नाही. पुढचे तीन दिवस तेच बूट घालून सकाळी फिरायला गेला, रुळवायला! आठवड्याने वहिनीला वास आला. तिसऱ्या आठवड्यात करंगळी काळी पडली. जानेवारीत ती काढावी लागली.

एक करंगळी गेली, त्यात काय मोठं, असं दादा म्हणतो. त्यानंतर त्याचा तोल बदलला, चालणं कमी झालं, चालणं कमी झालं म्हणून साखर वाढली, हे सगळं त्याच्यामागून आलं. आणि दुकानातलं माझं ते वाक्य मला आजही ऐकू येतं. म्हणून सांगते, बूट रुळण्याची वाट बघू नका. दुकानात लागणारा बूट डोंगरावर चावणारच. पाय हा बुटासाठी नसतो.

आता रविवारच्या विषयाकडे.

डिसेंबर २०२४ मध्ये रातापानीला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि त्याला डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचं नाव दिलं गेलं. आपल्यापैकी प्रत्येकाने ती बातमी पाच पाच ग्रुपवर पाठवली. अभिमान वाटलाच पाहिजे. नीमचला जन्मलेला, उज्जैनला राहिलेला आपला मराठी माणूस. १९५७ साली रेल्वेने जाताना खिडकीतून डोंगरातले खडक पाहिले, ते फ्रान्स-स्पेनमध्ये पाहिलेल्या खडकांसारखे वाटले म्हणून गाडीतून उतरून तिकडे चालत गेला, आणि भीमबेटका जगाला मिळालं. २००३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. त्यांचं संशोधन झालं ते पायांवर. आणि तिथल्या चित्रांतले शिकारी बघा, धनुष्य ताणून पळतायत, रेघांइतके हलके. त्यांच्यातला एकही जड पावलाचा वाटत नाही.

पण नाव देऊन वाघ राखले जात नाहीत. ते राखतो बीटवरचा वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचा रोजंदारीवरचा चौकीदार. मध्य प्रदेशात २०२२ च्या गणनेत ७८५ वाघ निघाले, देशात सर्वांत जास्त. ही गणना दर चार वर्षांनी होते, आणि त्यात कॅमेरे नंतर येतात, आधी हीच माणसं ठरलेल्या वाटेवर पाच-पाच किलोमीटर पायी जाऊन पगमार्क, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे टिपतात. एरवी रोजची गस्त वेगळी.

गेल्या गणपतीत आपण वर्गणी काढली आणि दिवाळीच्या सुमाराला रीतसर परवानगी घेऊन चोवीस जोड बूट दिले. चांगलं काम केलं, चांगल्या मनाने केलं. मीही फोटोत आहे. बूट होते जाड चामड्याचे, पुढे लोखंडी टोपी, सगळे आठ नंबर. आठ का, तर दुकानदार म्हणाला, आठ सर्वांना चालतो.

जानेवारीत मी आणि दादा त्याच बाजूला गेलो होतो. एका चौकीवर पाणी प्यायला थांबलो. भिंतीवर खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत आपलेच बूट टांगलेले. चौकीदाराच्या पायात प्लॅस्टिकच्या चपला, टाचेला भेगा, घोट्यावर काट्यांचे ओरखडे. मी विचारलं, बूट का नाही घालत? तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "मॅडम, बहुत बढ़िया जूते हैं, संभाल के रखे हैं। शादी-ब्याह में पहनेंगे।" मग दादाने त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, "नंबर कितना लगता है आपको?" तो म्हणाला, "छह।"

परत येताना गाडीत दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "या माणसाला अक्कल आहे. लागत होता तर घातला नाही. मला नव्हती."

म्हणून मी यंदा भांडणार आहे. आणि नुसतं भांडायला नको म्हणून गेले काही महिने मी याचा जरा अभ्यास केलाय. ज्यांना स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी जंगलात चालायचे बूट घ्यायचेत त्यांनाही उपयोगी पडेल.

पहिलं, वजन. दहा किलोमीटर चालायला साधारण चौदा हजार पावलं लागतात, म्हणजे एक पाय सात हजार वेळा उचलला जातो. आपण दिलेला एक बूट नऊशे ग्रॅमचा होता. चांगला हलका बूट साडेचारशेचा मिळतो. फरक साडेचारशे ग्रॅम. गुणिले सात हजार म्हणजे तीन टनांच्या वर, एका पायाने, एका दिवसात, फुकट उचललेले. पाठीवरच्या वजनापेक्षा पायातलं वजन कितीतरी जास्त दमवतं, हे गिर्यारोहक आणि सैनिक फार पूर्वीपासून सांगत आलेत. दुकानात जाताना लाजू नका, स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून न्या. मी नेला होता. दुकानदार हसला, पण दोन गिऱ्हाइकांनी नंतर मागून घेतला.

इथे एक गंमत सांगते. ग्रुपमधल्या एका भाऊंनी इंटरनेटवर "हंटिंग बूट" बघितले आणि मला आनंदाने कळवलं, "ताई, फक्त ८०० ग्रॅम लिहिलंय, हलके आहेत!" माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो, त्याला विचारलं. तो पोट धरून हसला. ते ८०० ग्रॅम बुटाचं वजन नाही, आत भरलेल्या उबदार अस्तराचं माप आहे, एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते. आकडा जितका मोठा तितका बूट गरम. तिकडे बर्फात तासन्‌तास एका जागी दबा धरून बसणाऱ्यांसाठी ते असतं. भोपाळच्या मे महिन्यात ते घातले तर पायांची खिचडी होईल. आणि तिकडचेही दिवसभर चालणारे शिकारी बिनअस्तराचे हलकेच बूट घेतात, असं तो म्हणाला. दद्दाचंच म्हणणं, साता समुद्रापार.

दुसरं, माप. बूट संध्याकाळी घ्यायचा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जो मोजा घालणार तोच घालून बघायचा. दोन्ही पाय मोजायचे, आणि मोठा असेल त्याच्या मापाने घ्यायचा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. दुकानात उतरता जिना असेल तर दोनदा उतरून बघा. उताराला बोटं पुढे आपटत असतील तर तो बूट नको, फुकट दिला तरी नको. आणखी एक सोपी युक्ती, बुटातला आतला पत्ता बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. बोटं बाहेर सांडत असतील तर नंबर कितीही बरोबर असो, बूट अरुंद आहे. दादाच्या बुटाचा पत्ता मी नंतर असा तपासला. करंगळी पूर्ण बाहेर होती. हे करायला अर्धं मिनिट लागतं.

तिसरं, तळ. हातात धरून वाकवा. बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण पाय तिथे वाकतो. मधोमध घडी पडत असेल तर कच्चा, कुठेच वाकत नसेल तर जंगलात निरुपयोगी. तळ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. आपल्याकडे वालुकाश्म आहे, पावसाळ्यात त्यावर शेवाळ येतं, कडक प्लॅस्टिकचा तळ त्यावर साबणासारखा घसरतो. काकांच्या बुटांना खिळे होते ते याचसाठी. पण १९३५ मध्ये इटलीच्या व्हिताले ब्रामानीचे सहा साथीदार आल्प्समध्ये गेले, त्या दुःखातून त्याने खाचांचा रबरी तळ काढला, आणि १९३७ नंतर डोंगरातून खिळ्यांचे बूट हळूहळू हद्दपार झाले. म्हणजे काका शिकारीला जायच्या कितीतरी आधीच!

चौथं, पाणी. वॉटरप्रूफ हा शब्द ऐकून आपण भुलतो. नाला ओलांडताना पाणी वरून बुटात शिरलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही, दिवसभर पाय भिजलेला. व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकन सैन्याने कापडी बाजूंचे, पाणी निघून जायला भोकं ठेवलेले बूट वापरले होते ते उगाच नाही. आपल्याला कापडी किंवा जाळीदार, लवकर वाळणारा बूट हवा. आणि मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओली कातडी लवकर सोलते. लोकर किंवा सिंथेटिक मिसळलेला घ्या, दोन जोड.

पाचवं, ठेवणीतले बूट. हे खास आपल्यासाठी. २००९ मध्ये लेकीने पुण्याहून मला महागाचे ट्रेकिंग शूज आणले. मी ते "चांगल्या कामाला" ठेवले. दहा वर्षांनी भीमबेटक्याला पहिल्यांदा नीट घातले आणि अर्ध्या तासात दोन्ही तळ मारी बिस्किटासारखे चुरा होऊन पडले. परत आले ती ओढणीने तळ बांधून. तळातला फोम हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, वापरा नाहीतर ठेवा. उलट ठेवलेला जास्त लवकर जातो म्हणतात. तेव्हा माळ्यावर बूट जपून ठेवू नका. साड्या ठेवा.

आता बैठकीत येणारे आक्षेप. ते मला आत्ताच ऐकू येतायत.

एक, हलके बूट टिकत नाहीत. बरोबर आहे. चामड्याचा तीन वर्षं टिकेल, हा कदाचित एक-दीड. पण खिळ्याला टांगलेला बूट शंभर वर्षंही टिकेल. काकांचे साठ वर्षं टिकलेच की! हिशेब घातलेल्या दिवसांचा करा.

दोन, साप. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने बारा लाखांच्या आसपास माणसं गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. दंश बहुतेक पायालाच होतो. जाड चामडं घोणसाच्या दातांना जास्त अडवतं, हे मान्य. पण चपलेपेक्षा घोटा झाकणारा कापडी बूट कधीही बरा, आणि त्यावर पिंढरीला जाड गेटर बांधला की कुसळं, गोखरू आणि बऱ्याच अंशी सापाचीही सोय होते. काकांच्या पट्ट्या याचसाठी होत्या. बुटांमधली तेवढी गोष्ट काकांची बरोबर होती. शिवाय एक बॅटरी आणि काठी. हलका म्हणजे तोकडा नव्हे, घोट्याच्या वरच घ्यायचा.

तीन, फौजेत जड बूटच असतात. बर्फात, किंवा वीस किलो पाठीवर घेऊन जायचं असेल तर जाड बूट हवाच. भेलच्या शॉपमध्ये लोखंडी टोपी हवीच. आपला चौकीदार पाण्याची बाटली आणि काठी घेऊन सागाच्या जंगलात चालतो. त्याच्या बोटावर वरून काहीही पडत नाही.

चार, आणि हा कुणी तोंडाने बोलणार नाही. जड बूट फोटोत भारी दिसतात. देणगी डोळ्यांत भरते. कापडी बूट दिले की लोक म्हणतील, एवढंच? म्हणू देत.

माझा प्रस्ताव असा. मागच्या वेळचे बेचाळीस हजार, यंदाही तेवढे जमतील असं दिसतंय. चोवीस जणांत विभागले तर एका जोडीला साडेसतराशे. त्यात घोट्यावरचा हलका, रबरी तळाचा बूट बसतो. गेटर आणि मोजे मी आणि आमची भिशी बघून घेऊ. पण खरेदीच्या आधी आपल्यातले चार जण एका संध्याकाळी चौक्यांवर जातील, प्रत्येकाला कोऱ्या कागदावर उभं करतील आणि दोन्ही पायांची पेन्सिलने रेघ काढून आणतील. कागदावर नाव आणि नंबर. तीच रेघ घेऊन दुकानात जायचं. आणि पंधरा दिवसांनी परत जाऊन विचारायचं, कुठे लागतो का? लागत असेल तर बदलून द्यायचा. दुकानदाराशी तसं आधीच बोलून ठेवायचं. फोटो त्यानंतर काढा, हवे तितके.

रेघा काढायला दादा येणार आहे. मी नको म्हटलं, खाली वाकायला त्रास होतो त्याला. तो म्हणाला, "तू उभी राहा, मी स्टुलावर बसून काढीन. करंगळीपाशी पेन्सिल नीट फिरली पाहिजे, ते मलाच जमेल."

बाकी तीन जण कोण, ते रविवारी सांगा. आणि तुमच्या घरच्या माळ्यावर असे कुणाचे शिकारी बूट अजून असतील तर त्यांचीही आठवण लिहा, वजनासकट.